ओलावा एकेचाळीस टक्के

प्रा. गिदोन भिंगारदिवे यांना चालण्याचा कंटाळा होता. देवळाली प्रवरेच्या शिवारात बिनतारी निरोपांचं जाळं उभं राहिलं त्याचं मूळ कारण एवढंच. सर स्वतः मात्र हे असं सांगत नसत. ते 'कृषिक्षेत्रातील अल्पऊर्जा संवेदन' इथून सुरुवात करत, आणि तिसऱ्या वाक्याला समोरचा माणूस घड्याळाकडे बघू लागला की मनातल्या मनात त्याची कीव करत.

बाग चारीच्या पलीकडे होती. बासष्ट झाडं, कागदी लिंबाची. सरांच्या सासऱ्यांनी लावलेली आणि म्हणून मरियाबाईंच्या नावावर असलेली. घराच्या ओसरीपासून सरळ रेष काढली तर बाग एक किलोमीटर. पण सरळ रेषेत कालव्याची चारी, बन्सी कडूंचा पुरुषभर उंचीचा ऊस आणि भागिरथीबाईंच्या म्हशी आडव्या येत, त्यामुळे रस्त्याने अडीच. हा रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी असा काही नांगरून ठेवला होता की सरांची स्कूटर त्यावर दोनदा आडवी झाली होती. त्यातली पहिली वेळ कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्या वेळी मागून टी.वाय.च्या विद्यार्थ्यांची जीप येत होती, आणि त्यांनी जीप थांबवून सरांना ज्या आदराने उचललं, तो आदर सरांना अजून रात्री आठवतो. तेव्हापासून सर बागेत पायी जात, म्हणजे जात नसत.

गेल्या उन्हाळ्यात पाच झाडं वाळली. मरियाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्या रागावत नसत, निकाल लावत. यंदा मार्चच्या सुरुवातीला चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "एकतीस मेपर्यंत एक जरी झाड वाळलं, तर बाग बन्सीभाऊंना देऊन टाकायची. चार वर्षं मागतायत बिचारे."

"अगं, पण तुझ्या वडिलांची बाग!"

"म्हणूनच. माझ्या वडिलांची झाडं मला मरताना बघायची नाहीत. जिवंतपणी दुसऱ्याकडे गेलेली चालतील."

यावर नवऱ्याने काय बोलावं हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. सर इलेक्ट्रॉनिक्सचे, त्यामुळे ते बोलले ते असं: "वाळणार नाही. बागेतली माती स्वतः मला सांगेल तिला पाणी कधी हवं ते. मी इथे ओसरीवर बसून वाचेन." आणि चोवीस वर्षं शिकवलेला माणूस जो आत्मविश्वास बाळगून असतो त्या आत्मविश्वासाने त्यांनी पुढे जोडलं, "फक्त एक अट. मला कुणी तोंडी काही सांगायचं नाही. प्रयोग शुद्ध राहिला पाहिजे. जे कळायचं ते पडद्यावर कळेल."

"नाही सांगणार," मरियाबाई म्हणाल्या. आणि हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

सरांची योजना कागदावर देखणी होती. बागेतल्या मातीत सेन्सर. त्याला जोडलेला मुठीएवढा पांढरा डबा. डब्यात दोन पेन्सिल सेल. अशा डब्याचा आवाज फार तर दोनशे-अडीचशे मीटर जातो, म्हणून मध्ये आणखी डबे. बागेचा निरोप पहिल्याने उचलायचा, दुसऱ्याला द्यायचा, दुसऱ्याने पुढच्याला, आणि शेवटी ओसरीवर. सेल पुरावेत म्हणून डबे बहुतेक वेळ झोपलेले. दर पंधरा मिनिटांनी एकदा उठायचं, निरोप द्यायचा-घ्यायचा, पुन्हा झोपायचं. कुणाकडून कुणाकडे जायचं ही वाटसुद्धा डब्यांनी आपली आपण शोधायची. सेल चौदा महिने टिकतील, असं सरांचं गणित होतं. गणित बरोबर होतं. त्यात माणसं धरलेली नव्हती, एवढंच.

माणसं पहिल्याच दिवशी आली. बागेच्या बांधाला लागून बन्सीभाऊंची बोअरची खोली; पहिला डबा तिच्या पत्र्यावर बसवायचा होता. बन्सीभाऊंनी तो हातात घेऊन वजन केलं.

"ह्यातून तुमच्या बागंचा निरोप जानार?"

"हो."

"म्हंजी बाग वाळायला लागली तर आधी माझ्या डब्याला कळनार, मग तुमाला?"

"तांत्रिकदृष्ट्या, हो."

"मग बसवा की," बन्सीभाऊ प्रसन्न होऊन म्हणाले. सरांना तो उत्साह विज्ञानाबद्दलचा वाटला.

तिथून पुढे दोन वाटा होत्या. एक बजरंगच्या पोल्ट्रीवरून आणि दुसरी भागिरथीबाईंच्या गोठ्यावरून. सरांनी दोन्हीकडे डबे लावले. एक वाट बंद पडली तर दुसरी असावी, हा या शास्त्राचा पाया आहे. गोठ्यात सर हे शास्त्र समजावून सांगत असताना भागिरथीबाई म्हैस पिळत होत्या.

"दिसभर झोपतो म्हनता?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"नव्याण्णव टक्के वेळ. ऊर्जा वाचते."

"आन् मदीच उठून दुसऱ्याचं ऐकतो, तिसऱ्याला सांगतो?"

"बरोबर."

"आमच्या जावंला बी एवढ्याच कामासाठी ठिवलंय जनू देवानं," बाई म्हणाल्या. "पर ती झोपत न्हाई."

उरला शेवटचा डबा, चारीच्या भरावावरच्या कडुलिंबावर. भराव सरकारी, कडुलिंबही सरकारी. सर नियमाने चालणारे असल्यामुळे त्यांनी कालव्याच्या कचेरीत जाऊन परवानगी मागितली. न मागता डबा बांधला असता तर आजतागायत कुणाला कळलं नसतं, असं तिथल्या शिपायानेच त्यांना नंतर सांगितलं.

टेबलामागच्या भाऊसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "सर, तुमच्या ह्या ज्या लाटा आहेत, त्या चारी ओलांडणार?"

"ओलांडणारच. बाग पलीकडे आहे."

"मग हे क्रॉसिंग झालं. क्रॉसिंगचा फॉर्म वेगळा."

क्रॉसिंगचा फॉर्म शेतकऱ्यांनी चारीखालून पाइपलाइन नेण्यासाठी होता. त्यात पहिलाच रकाना 'पाइपचा व्यास (इंचात)' असा होता. सरांनी प्रामाणिकपणे 'शून्य' लिहिलं. आठवड्याने अर्ज परत आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'शून्य व्यासाच्या पाइपमधून पाणी जाणे शक्य नाही. खुलासा करावा.' सरांनी खुलासा केला की पाणी न्यायचं नसून माहिती न्यायची आहे. पुढच्या आठवड्याला दुसरा शेरा: 'माहिती कोणत्या पिकासाठी?' सरांनी लिंबू लिहिलं. तिसऱ्या आठवड्याला भाऊसाहेबांनीच त्यांना बाजूला घेऊन शहाणपणाची गोष्ट सांगितली. "सर, तुम्ही दोन इंची पाइप लिहा. मंजूर होतो. मग टाकू नका पाइप. पाइप टाकला नाही म्हणून आजवर आम्ही कुणावर कारवाई केलेली नाही."

अशा रीतीने सरांच्या लहरींना दोन इंची मंजुरी मिळाली. तोवर एप्रिल संपत आला होता, आणि सर नाक मुठीत धरून, डोक्यावर टोपी घालून, एक दिवसाआड पायीच बागेत जात होते. हा काळ त्यांनी आपल्या टिपणवहीत 'पूर्वतयारी' या शीर्षकाखाली नोंदवला आहे.

एक मेला जाळं सुरू झालं. सरांनी ओसरीवरचा पडदा लावला आणि हाताची घडी घालून उभे राहिले. शिवारात ठिकठिकाणी डब्यांनी एकमेकांना हाका मारल्या, ओळखी करून घेतल्या, वाट ठरवली, आणि सव्वानऊ वाजता पडद्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत उमटलं: 'ओलावा ४४ टक्के.'

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चष्मा पुसला. "आली बघ बाग घरात," ते म्हणाले. मरियाबाईंनी पदराला हात पुसत पडद्याकडे बघितलं आणि त्यांनाही नाही म्हटलं तरी बरं वाटलं. तीस टक्क्यांच्या खाली ओलावा गेला की फोन करून बन्सीभाऊंना ठिबकचा कॉक उघडायला सांगायचा, असं ठरलेलं होतं. त्याप्रमाणे एकदा सांगितलाही. पंधरवडाभर सर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असे वागत होते की शेवटी मराठीच्या मॅडमनी त्यांना लिंबू सोडून कशावरही बोलायची विनंती केली.

अठराव्या दिवशी भागिरथीबाई नेहमीप्रमाणे दूध घालायला आल्या त्या मागच्या दाराऐवजी थेट ओसरीवर.

"सर, तुमचा डबा मेला."

"मेला? कसा?"

"काम करून. दुसरं कशानं मरतंय मानूस? आक्ख्या रानाचं निरोप माझ्याच गोठ्यावरनं. बजरंगाचा डबा काय करतो इचारा की! घमेलं पांघरून झोपलाय."

सर बजरंगच्या पोल्ट्रीवर गेले. बाई बोलल्या ते अक्षरशः खरं होतं. डब्यावर लोखंडी घमेलं पालथं घालून वर वीट ठेवलेली होती.

"बजरंग, हे काय?"

"ऊन किती हाय सर! कोंबड्या बी धापा टाकायल्यात. म्हनलं मास्तरांचं मशीन हाय, लागंल बिगंल त्याला."

लोखंडाखालून लाट बाहेर पडत नाही, हे सरांनी त्याला समजावलं. त्याने घमेलं काढलं, पण चेहरा पाडून काढलं. आपण एखाद्याच्या लेकराला सावली दिली आणि त्याने ती नाकारली, असं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं. घमेल्याखालच्या डब्याला कुणी ऐकत नव्हतं, म्हणून सगळे निरोप अठरा दिवस एकट्या गोठ्यावरून जात होते, वर तिथला डबा झोप सोडून बजरंगच्या डब्याला हाका मारत राहिला होता, आणि तिथले सेल चौदा महिन्यांऐवजी अठरा दिवसांत संपले होते. सरांनी नवे सेल घातले.

पण भागिरथीबाईंचं समाधान झालं नाही. "घमेलं काढलं, बरं झालं. तरी बी तुमचं डबं जवळची वाट बघनार. जवळ मीच. मंजी फिरून माझंच मरन." मग म्हशीच्या पाठीवर थाप मारत त्या म्हणाल्या, "पाळी लावा की सर! सामाईक हिरीला लावतो तशी. एक दीस माझा, एक बजरंगाचा, एक बन्सीचा. एकावरच वझं कशापायी?"

ज्याच्यावर भार जास्त त्याला विसावा द्यावा, पुढारीपण फिरतं ठेवावं म्हणजे सगळं जाळं जास्त दिवस जगतं, हे तत्त्व ते चोवीस वर्षं इंग्रजी पुस्तकातून, आकृत्या काढून, वर्गाच्या जांभया सोसून शिकवत आले होते. आणि ते इथे शेणाच्या वासात, एका दमात कुणी सांगितलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "अगदी हेच! तुम्हीच लावा पाळी. मी मध्ये पडत नाही."

मध्ये पडले असते तर बरं झालं असतं. पण शिवाराच्या सूज्ञपणावर त्यांचा तेव्हा गाढ विश्वास बसला होता. संध्याकाळी सामाईक विहिरीवर तिघं जमले, सोमवार भागिरथीबाईंना, मंगळवार बजरंगला, बुधवार बन्सीभाऊंना आणि पुन्हा तसंच, असं ठरलं. सरांनी एकच प्रश्न विचारला, आणि तोही कौतुकाने. "विहिरीवर आज पाळी कुणाची, हे कसं कळतं तुम्हाला?"

बन्सीभाऊंनी खिशातून मोटरचा फ्यूज काढून दाखवला. "ज्याची पाळी त्यानं आपला फ्यूज घालायचा. पाळी सरली की फ्यूज काढून घरी न्यायचा. मंग भांडान न्हाई, तंटा न्हाई."

"वा!" सर म्हणाले, आणि घरी येऊन त्यांनी हे टिपणवहीत लिहून ठेवलं. लिहून ठेवलेल्या गोष्टीचा अर्थ लागतोच असं नाही.

त्या दिवशी पडद्यावर 'ओलावा ४१ टक्के' होतं. दुसऱ्या दिवशीही ४१. तिसऱ्या दिवशीही. पारा एकेचाळीसच्या पुढे गेला तरी ओलावा एकेचाळीसच. पडदा सरांनीच असा बनवला होता की नवा निरोप आला नाही तर जुना आकडा तसाच दिसत राहावा. एखाद्या मिनिटाला आकडा गायब झाला तर मरियाला उगाच घोर लागेल, हा त्यामागचा प्रेमळ हेतू. मरियाबाईंनी मात्र त्या पडद्याकडे पहिल्या आठवड्यानंतर बघितलेलंच नव्हतं.

सर रोज सकाळी उठून एकेचाळीस वाचत आणि तृप्त होत. "पाळीने बघ कशी स्थिरता आली!" ते म्हणत. मरियाबाई "हं" म्हणत आणि मागच्या दाराला दूध घ्यायला जात. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पास्टरांनी बागेची चौकशी केली तेव्हा सरांनी एकेचाळीस असं म्हटलं, जणू ते एखाद्या स्तोत्राचा क्रमांक सांगत होते.

एकतीस मेला सकाळी निकाल होता. ओसरीवर मरियाबाई, बन्सीभाऊ, बजरंग, आणि दुधाची किटली घेऊन भागिरथीबाई. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी पडद्याकडे हात केला. "बारा दिवस! एका टक्क्याचा फरक नाही!"

बन्सीभाऊंनी पडदा बघितला, मग बजरंगकडे बघितलं. "सर, हे आत्ताचं हाय?"

"या क्षणाचं."

"मग माझा डबा कसा काय बोलला? आज त्याची पाळी न्हाई." आणि बन्सीभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून दोन पेन्सिल सेल काढून सरांच्या हातावर ठेवले. बजरंगने पँटीच्या खिशातून दोन काढले. "आज बाईंची हाय. माझी उद्या."

सरांनी हातातल्या सेलकडे बघितलं. तिघांच्या डब्यांपैकी एका वेळी एकच जिवंत. साखळीतली एकच कडी जागी, बाकीच्या लोकांच्या खिशात. बारा दिवसांत बागेतून एकही निरोप निघून घरापर्यंत पोचलेला नव्हता. पोचणं शक्यच नव्हतं. बारा दिवस त्यांनी एकाच मेलेल्या आकड्याला सकाळ-संध्याकाळ नमस्कार केला होता. आणि मे महिन्याच्या उन्हात बारा दिवस पाणी नसलेलं लिंबाचं झाड कसं दिसतं, हे त्यांनी गेल्या वर्षी पाच वेळा पाहिलं होतं.

त्यांनी मरियाबाईंकडे बघितलं नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला नसता असा निघाला. "सेल... सगळ्यांनी एकदम घाला. एकदाच. मला बघू दे."

"पाळी मोडायची?" भागिरथीबाईंनी विचारलं.

"मोडा, बाई."

पाऊण तासात बन्सीभाऊ आणि बजरंग आपापले सेल घालून आले. डब्यांनी एकमेकांना हाका मारल्या. दहा वाजता पडदा लुकलुकला, आणि एकेचाळीस पुसून तिथे नवा आकडा आला.

'ओलावा १०० टक्के.'

सर आधी हसले. मग शास्त्रज्ञ जागा झाला आणि हसू थांबलं. मातीत शंभर टक्के ओलावा नसतो. शंभर टक्के ओलावा विहिरीत असतो.

सगळे बागेत गेले. सरसुद्धा, पायी. बासष्टातली गेल्या वर्षीची पाच वजा जाता सत्तावन्न झाडं हिरवीगार उभी होती, आणि ती घोट्याएवढ्या चिखलात उभी होती. सेन्सर एका डबक्याच्या मधोमध बुडालेला होता. त्यावर बेडकाने वस्ती केली होती.

"पाणी... कुणी दिलं?"

"ज्याची पाळी त्यानं," भागिरथीबाई म्हणाल्या, जणू हा प्रश्नच नव्हता. "पाळी म्हंजी नुस्तं सेल घालनं व्हय? त्या दिशी तुमची बाग आमच्या जिम्म्याला. डबा काय बोलंना, मग इथं येऊन बघितलं. माती तापली हुती. कॉक फिरवला."

"मी बी फिरवला," बजरंग म्हणाला. "उन्हाचं बघवत न्हाई."

सरांनी बन्सीभाऊंकडे बघितलं. बन्सीभाऊ जरा ओशाळले. "मी तर दोन घंटं जास्तच दिलं. उद्या घ्यायची म्हनलं बाग, तर वाळकी घेऊन काय करू?"

कोपऱ्यातलं एक झाड चिखलात मुळं ढिली होऊन तिरकं झालं होतं. सरांनी ते दोन्ही हातांनी सरळ धरलं, मरियाबाईंच्या नजरेत यायच्या आत. पण त्या आधीपासूनच बघत होत्या.

"हे वाळलेलं नाही," सर चिखलात उभे राहून ठामपणे म्हणाले. "करार वाळण्याचा होता."

"नाही वाळलं," मरियाबाई म्हणाल्या. त्यांनी जवळच्या झाडाचं एक पान तोडून चुरगाळलं आणि वास घेतला. वडील असंच करायचे. "बाग कुठे जात नाही. बन्सीभाऊ, तुम्हाला लिंबं मिळतील, झाडं नाही."

बन्सीभाऊंनी मान डोलावली. पाणी देऊन झालं होतं, आता बोलून उपयोग नव्हता.

"म्हणजे तुला हे सगळं ठाऊक होतं?" सरांनी विचारलं.

"रोज. काल कुणी पाणी दिलं, किती दिलं, भागिरथीबाई दुधाबरोबर सांगायच्या. बजरंगचं पण सांगायच्या, बन्सीभाऊंचं पण. एक दिवस चुकला नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तोंडी सांगायचं नाही असं ठरलं होतं," मरियाबाई म्हणाल्या. "निरोप घरी रोज येत होता. तुम्ही पुढच्या दारात बसला होतात."

परत येताना चारीच्या भरावावर पाळीची फेरमांडणी झाली. पाणी आठवड्यातून दोनदाच द्यायचं ठरलं. आणि चार नावं झाली, कारण बागेचा मालक पाळीत नसणं शिवाराच्या रिवाजात बसत नव्हतं. सरांना गुरुवार मिळाला. त्यांनी कॉलेजचं वेळापत्रक, गुडघा आणि संशोधन अशी तीन कारणं सांगितली. भागिरथीबाईंनी ती ऐकून घेतली आणि गुरुवार तसाच ठेवला.

त्या गुरुवारी सकाळी सहाला प्रा. भिंगारदिवे खिशात दोन पेन्सिल सेल घेऊन अडीच किलोमीटर चालत निघाले. कडुलिंबाखाली बजरंग सायकल थांबवून उभा होता. परतताना तो पुन्हा तिथेच भेटला.

"काय म्हनती बाग, सर? किती टक्के?"

सरांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. पहिल्या पेरापर्यंत काळी माती लागलेली होती. "एवढी," ते म्हणाले. "बन्सीभाऊंना सांग, उद्या पाणी नको."

"सांगतो," बजरंग म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निरोप घेऊन गेला. सरांनी खिसा चाचपला. सेल तसेच होते, नवेकोरे. हे मात्र चौदा महिने नक्की टिकतील, अशी त्यांना खात्री वाटली.